टिकणं आणि पिकणं

आमच्या विभागाच्या शेडनेटमध्ये ज्वारीच्या चाळीस कुंड्या आहेत. गेल्या वर्षी एका सोमवारी मी त्यांचं पाणी तोडलं. प्रयोगच तसा होता. रोपं तीन आठवड्यांची झाली की पाणी थांबवायचं, पानं सुरळीसारखी गुंडाळून माना टाकेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा पाणी द्यायचं आणि किती रोपं उठून उभी राहतात ते मोजायचं. ज्या वाणाची जास्त रोपं उठतात तो वाण 'सहनशील'. एवढा सरळ हिशेब.

पाणी दिल्यावर तिसऱ्या दिवशी एका ओळीतली जवळपास सगळी रोपं उठली. मी खूश होऊन फोटो काढला आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. आई-अण्णांनी हात जोडल्याचे इमोजी पाठवले. अक्काचा मात्र व्हॉइस मेसेज आला. मागे तिच्या म्हशीचा आवाज, भांड्यांचा आवाज, आणि मध्ये तिचा प्रश्न: "जित्ती राहिली म्हंजी पास व्हय रं? कणसं कुठायत?"

मी हसलो. मग हसू ओसरलं. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या गाईडनं मला विचारायला हवा होता तो प्रश्न बारावी झालेल्या बहिणीनं विचारला होता. आणि हळूहळू लक्षात आलं, की ती फक्त ज्वारीबद्दल विचारत नव्हती.

दार लावून घेणं

आधी ज्वारीचं सांगतो, कारण बाकीचं सगळं तिच्यातूनच येतं.

झाड मुळांनी जेवढं पाणी ओढतं त्यातलं नव्वद टक्क्यांहून अधिक पानांवाटे हवेत सोडून देतं. हा उधळेपणा नव्हे, ही किंमत आहे. पानावर लाखो बारीक तोंडं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्यापासून साखर बनते. पण तोंड उघडलं की आतली ओल बाहेर जाणारच. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू कमवायचा तर पाण्याचे काहीशे रेणू खर्चावे लागतात. ज्वारी या व्यवहारात गव्हा-तांदळापेक्षा काटकसरी आहे, पण फुकट तिलाही काही मिळत नाही. म्हणजे झाडाला खायचं असेल तर तहान सोसावी लागते आणि तहान भागवायची असेल तर उपाशी राहावं लागतं.

प्रत्येक रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्यानं फुगल्या की रंध्र उघडतं, सैलावल्या की मिटतं. जमिनीतली ओल कमी झाली, पेशींमधला पाण्याचा दाब उतरू लागला, की झाडात अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड नावाचं संप्रेरक वाढतं. कापसाची बोंडं का गळतात हे शोधताना १९६०च्या दशकात ते सापडलं आणि गळण्यावरूनच त्याला नाव पडलं. पुढे कळलं की गळतीपेक्षा त्याचं मोठं काम दुष्काळाची वर्दी देण्याचं आहे. ही वर्दी रक्षक पेशीपर्यंत पोचली की तिच्या पटलातले बारीक मार्ग उघडतात, आतले क्षार बाहेर जातात, क्षारांमागे पाणी जातं, पेशी सैलावते आणि दार मिटतं.

पेशीला ही वर्दी 'ऐकू' कशी येते, हे कोडं २००९पर्यंत नीट सुटलं नव्हतं. त्या वर्षी दोन वेगवेगळ्या गटांनी ती ओळखणारी प्रथिनं शोधली. उत्तर मजेशीर होतं. दुष्काळाशी लढणारी यंत्रणा पेशीत कायम तयारच असते, फक्त एरवी तिच्यावर ब्रेक दाबलेला असतो. अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड आलं की तो ब्रेक धरून ठेवला जातो आणि यंत्रणा सुटते. कुणी हुकूम देत नाही, कुणी ठरवत नाही. एक अडसर निघतो आणि पुढचं आपोआप होतं.

आम्ही वर्गात बिनदिक्कत म्हणतो, 'झाड निर्णय घेतं', 'झाड त्याग करतं'. बोलायला सोपं जातं म्हणून. पण निर्णय म्हणावा तर दुसरा रस्ता मोकळा असावा लागतो, आणि रक्षक पेशीला दुसरा रस्ता नसतो.

जिवंत राहण्याचा खर्च

दार मिटलं म्हणजे संकट टळलं असं नाही. बाहेर ऊन तेवढंच असतं. हरितलवकं उजेड झेलत राहतात, पण साखर बनवायला लागणारा वायू आता आत येत नाही. झेललेल्या ऊर्जेला जायला जागा उरत नाही. ती ऑक्सिजनवर जाऊन आदळते आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे जाळणारे रेणू तयार होतात. ते पेशीची पटलं आणि प्रथिनं खराब करतात. त्यांना विझवायला पेशी वेगळी प्रथिनं बनवते. पाणी धरून ठेवायला प्रोलीन आणि साखरा साठवते. सुकताना बाकीची प्रथिनं मोडू नयेत म्हणून आणखी एका प्रकारची प्रथिनं बनवते, जी एरवी वाळणाऱ्या बियांमध्ये सापडतात. म्हणजे हिरवं पान जिवंतपणी थोडं बियाण्यासारखं होऊन बसतं.

या सगळ्याला साखर लागते, नत्र लागतं. आणि नेमकी कमाई तेव्हाच बंद असते. हा खर्च कुठून तरी वळवलेला असतो. वाढ थांबते. पानं लहान राहतात. कोवळ्या ज्वारीत तर या दिवसांत विषारी द्रव्य वाढतं; म्हणून पाण्याअभावी खुंटलेल्या ज्वारीत गुरं सोडू नका असं जुनी माणसं बजावतात. तहानलेलं झाड सोशिक दिसतं, पण ते कडवट झालेलं असतं.

सगळ्यात मोठा फटका बसतो पीक पोटरीत आणि फुलोऱ्यात असताना. भात आणि गव्हात हे नीट अभ्यासलं गेलं आहे. परागकण बनत असतानाच पाणी तुटलं तर त्यांच्यात पिठूळ साठा भरत नाही आणि ते वांझ निघतात. नंतर पाऊस आला, झाड हिरवंगार झालं, तरी ते दाणे परत येत नाहीत. मक्यात तुरा वेळेवर येतो, पण कणसाचे केस बाहेर पडायला उशीर करतात. ते येईपर्यंत पराग संपलेला असतो. शेत लांबून पाहिलं तर हिरवं दिसतं, कणीस सोललं तर आत दाण्यांऐवजी नुसतं बुरकूल.

अक्काचा प्रश्न नेमका इथे लागू पडतो. कुंडीत जिवंत राहिलेलं रोप आणि शेतात दाणा देणारं ताट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या क्षेत्रात हे आता सगळे मानतात. घट्ट दार लावून बसणारं झाड कुंडीच्या परीक्षेत पहिलं येतं आणि शेतात, जिथे दुष्काळ बहुतेक वेळा अर्धामुर्धा असतो, तिथे मागे पडतं. ते टिकतं, पण पिकत नाही.

मराठीत आपण 'सहनशील' हा एकच शब्द वाणाला वापरतो, शेतकऱ्याला वापरतो आणि सुनेला वापरतो. तिन्ही वेळा तो कौतुकानं वापरतो. आणि तिन्ही वेळा कणसं कुठायत हे विचारायचं विसरतो.

खालची पानं

आमचं गाव मंगळवेढ्याजवळ. ज्वारीचं कोठार म्हणतात त्या भागात. इथल्या मालदांडीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काळी, खोल जमीन. परतीच्या पावसानंतर वापसा आला की पेरणी. पुढे पाऊस नसतोच. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ज्वारीनं पोटरी, फुलोरा, हुरडा सगळं काढायचं. जसजसे दिवस जातात तशी ओल खाली सरकते, भेगा पडतात. त्या बुजवायला अण्णा कोळपं फिरवायचे.

दाणे भरण्याच्या दिवसांत ओल संपत आली की ज्वारी एक गोष्ट करते. खालची, जुनी पानं पिवळी पडू लागतात. ती नुसती वाळत नाहीत. त्यांच्यातली प्रथिनं मोडून नत्र सुटं केलं जातं आणि वर, कणसाकडे पाठवलं जातं. ताटातली साखरही कणसाकडे ओढली जाते. कधी इतकी, की ताट पोकळ होतं, बुरशी शिरते आणि खडखड्या होऊन उभं पीक आडवं पडतं. पण सगळं जमलं तर खालची पानं जातात आणि कणीस भरतं.

२०१२च्या रब्बीत आमच्याकडे पेरणीपुरतीही ओल नव्हती. मी नववीत होतो, अक्का बारावीत. जानेवारीत बैल आणि म्हैस छावणीत नेली. कुणीतरी तिथे राहायला लागायचं. अण्णा आणि अक्का राहायचे. आई घरी टँकरमागे. मला मात्र कुणी छावणीत राहू दिलं नाही. माझ्या अभ्यासाचं नुकसान झालं असतं.

अक्कानं पेंढ्यांच्या ढिगाला टेकून बारावीचा अभ्यास केला. पास झाली. तिला नर्सिंग करायचं होतं, फॉर्मसुद्धा आणला होता. तो फॉर्म बरेच दिवस देव्हाऱ्याच्या फळीवर होता. मग माझ्या दहावीच्या क्लासची फी भरली गेली. मग सोलापुरातल्या अकरावीची सोय झाली. २०१४मध्ये अक्काचं लग्न झालं. 'स्थळ चांगलं आहे, खर्च कमी आहे, उरकून घेऊ' असं ठरलं. त्या काळात आमच्या घरात कुणी कुणावर ओरडलं नाही. कुणी कुणाला काही नाकारलंही नाही. एक एक गोष्ट फक्त घडत गेली, ब्रेक सुटल्यासारखी.

पुढे कॉलेजात पानं पिवळी पडण्याची प्रक्रिया शिकताना सरांनी फळ्यावर बाण काढला: खालचं पान, तिथून नत्र, तिथून दाणा. मी वहीत तो बाण उतरवून घेतला. आमच्या घरात कणीस मी होतो, हे तेव्हा सुचलं नाही. खूप नंतर सुचलं.

पान आणि माणूस

इथे एक युक्तिवाद नेहमी होतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तो असा: अडचणीच्या काळात सगळ्यांना सगळं देता येत नाही. घर चालवायचं तर कुणीतरी मागे राहावं लागतं. झाडही हेच करतं. निसर्गाचा नियम आहे.

पहिली दोन वाक्यं खरी आहेत. अण्णांकडे दोन फींचे पैसे नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर वेगळं काय केलं असतं, मला माहीत नाही. मी त्यांना दोष द्यायला हे लिहीत नाही.

पण शेवटचं वाक्य चुकीचं आहे. ज्वारीच्या ताटातलं खालचं पान आणि वरचा दाणा एकाच झाडाचे आहेत. पानाला स्वतःचं असं काही वेगळं हवं नसतं. त्याची कमाई पहिल्यापासून दाण्यासाठीच होती. दाणा भरला की पानाचं सगळं साधलं. म्हणून पान पिवळं पडण्यात अन्याय नाही. अन्याय होण्यासाठी आधी कुणीतरी 'मी' म्हणणारं असावं लागतं.

अक्काच्या आणि माझ्या रक्तात बरंच काही एक आहे. पण फळीवरचा तो फॉर्म तिचा होता. मी पीएचडी झालो म्हणून ती नर्स होत नाही. मी कितीही भरलो तरी तिचं साधत नाही. घर हे झाड नाही, गाव झाड नाही, देश तर नाहीच. जेव्हा कुणी म्हणतं की 'सगळ्यांसाठी थोडी झळ सोसायला हवी', तेव्हा तो समाजाला झाड समजत असतो, आणि स्वतः बहुतेक वेळा कणसाच्या जागेवरून बोलत असतो. झाडानं पान टाकलं हा शरीरशास्त्राचा विषय आहे. माणसांनी माणूस टाकला तर तो नीतीचा विषय होतो.

आणि पान ठरतं कसं? ज्वारीत जुनं आणि खालचं पान आधी जातं, कारण त्याला ऊन कमी मिळतं, त्याची कमाई कमी असते. आपल्याकडेही तसंच वाटतं: ज्याची कमाई कमी होणार तो मागे. पण अक्काची कमाई कमी होणार हे कुणी मोजलं होतं? ती माझ्यापेक्षा हुशार होती. ती मुलगी होती, म्हणून ती खालची ठरली. सावली आधीच पाडलेली होती. आपण तिला निसर्ग म्हणालो.

दामाजीपंतांचं कोठार

मंगळवेढ्यात आमच्याकडे दुष्काळाची एक वेगळी गोष्ट सांगतात. बहामनी राज्यात दामाजीपंत इथले अधिकारी होते. मोठा दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मरू लागली, आणि पंतांनी सरकारी कोठार लोकांसाठी उघडलं. बादशहाची परवानगी नव्हती. शिक्षेसाठी त्यांना बिदरला नेऊ लागले, तेव्हा विठ्ठलानं विठू महाराचं रूप घेऊन धान्याची किंमत भरली, अशी कथा आहे. लहानपणी मला त्यातला चमत्कार आवडायचा. आता मला कोठाराचं दार आठवतं. झाडाच्या पेशीत दुष्काळाची वर्दी आली की दार मिटतं. पंतांनी वर्दी आल्यावर दार उघडलं. त्यांच्यापुढे दुसरा रस्ता होता आणि तो सोपाही होता, म्हणूनच शेकडो वर्षांनंतरही आपण त्याला पुण्य म्हणतो.

चमत्काराशिवायही हे होतं. १९७२च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये झाला: काम मागेल त्याला काम. त्यात पुढे काय काय बिघडलं ते वेगळं. पण त्यामागचा विचार असा होता, की दुष्काळ सोसण्याचं काम एकट्या घरावर सोडायचं नाही. आजी त्या कामाबद्दल कधी 'सोसलं' असं म्हणायची नाही. 'हजरीवर नाव होतं' म्हणायची.

ज्वारीतसुद्धा याचा एक धागा सापडतो. काही वाण शेवटच्या कोरड्या दिवसांतही पानं हिरवी ठेवतात आणि दाणा भरतात. ते जास्त सोसतात म्हणून नव्हे. त्यांतल्या बऱ्याच वाणांचा पसारा सुरुवातीपासून आटोपशीर असतो, म्हणून फुलोऱ्यापर्यंत कमी पाणी जातं आणि नेमक्या गरजेला जमिनीत थोडी ओल शिल्लक असते. संकटाच्या दिवशीचा कणखरपणा आपल्याला दिसतो. पण दाणा भरतो तो आधीच्या महिन्यांत राखलेल्या ओलीवर. छावणीत अभ्यास करणाऱ्या मुलीचं कौतुक करणं सोपं आहे. तिला छावणीत अभ्यास करावा लागू नये यासाठी आधी काहीतरी राखून ठेवावं लागतं, आणि ते घरापेक्षा गावाचं, सरकारचं, आपल्या सगळ्यांचं काम जास्त आहे.

विचारायचं होतं

गेल्या दिवाळीत मी धीर करून अक्काला विचारलं. ती चुलीवर करंज्या तळत होती, मी समोर पाटावर. म्हटलं, "अक्का, त्या वर्षी तुझी फी भरायला पाहिजे होती."

ती बराच वेळ काही बोलली नाही. करंज्या उलटत राहिली. मग म्हणाली, "मला विचारलं असतंस, कुणीबी विचारलं असतं, तर मी हो म्हणले असते. तुलाच शिकवा म्हणले असते. पर विचारायचं हुतं."

मी एवढी वर्षं समजत होतो की तिचं दुःख न मिळालेल्या शिक्षणाचं आहे. ते असेलच. पण त्याहून मोठं हे होतं, की जे ती स्वतःहून दिलं असतं ते तिच्याकडून नुसतं काढून घेतलं गेलं. देणारी होण्याची संधीच तिला मिळाली नाही. मग सगळ्यांनी तिला सोशिक म्हटलं. त्या शब्दानं काय केलं, तर जे घडलं ते तिचा स्वभाव ठरवून टाकलं. स्वभाव म्हटलं की विचारायची गरज उरत नाही, आणि परत देण्याचीही.

त्यागाला माझा विरोध नाही. त्यागावाचून कुठलं घर उभं राहिलंय? पण त्याग म्हणायचा तर आधी प्रश्न विचारलेला असावा, आणि 'नाही' म्हटलं तरी चालेल अशी मोकळीक असावी. एवढं नसेल तर ते पान पिवळं पडणं आहे. त्याला आपण त्यागाचं नाव देतो ते आपल्या सोयीसाठी.

परत आल्यावर मी प्रयोगाचा आराखडा बदलला. आता कुंड्या थोड्या आहेत, शेतातले वाफे जास्त. पाणी पूर्ण तोडत नाही, फुलोऱ्यानंतर कमी करतो आणि शेवटी दाणे वजन करतो. याला वेळ लागतो, एक पेपर पुढे गेला. गाईड थोडे नाराज आहेत.

अक्काला नर्सिंग आता नको आहे. मी दोनदा विषय काढला, तिनं दोनदा हसून टाळला. तिच्या मुलीला नव्वद टक्के पडले, तिच्या पुढच्या शिक्षणाचं आपण दोघं मिळून बघू असं मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "आधी तिला विचार, तिला काय शिकायचंय."

मी फोन भाचीकडे द्यायला सांगितला.